४० केबीतला गेम : प्रकल्प नोंदी

४ जानेवारी २०२५

प्रकल्प ठरला. फॅमिकॉम, म्हणजे जपानबाहेर एनईएस या नावानं विकलं गेलेलं १९८३चं यंत्र. त्याच्यासाठी उड्या मारत पुढे जायचा एक छोटा गेम लिहायचा. सगळा मिळून ४० केबी (किलोबाइट): प्रोग्रॅम, संगीत आणि लेव्हल्सना ३२ केबी, चित्रांना ८. १९८५चा ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ एवढ्याच जागेत बसला होता, म्हणून हे माप.

कारण असं, की जुन्या गेममध्ये एक गोडी आहे असं सगळेच म्हणतात आणि लगेच बालपणाच्या आठवणींकडे वळतात. मला ते पुरेसं वाटत नाही. माझ्या भाचीच्या हाती ‘टेट्रिस’ दिला की ती उठत नाही. अलेक्सी पाजित्नोव्ह यांनी तो १९८४ मध्ये इलेक्ट्रॉनिका ६० या संगणकावर लिहिला. त्या संगणकाला चित्रं काढता येत नव्हती, म्हणून ठोकळे कंसाच्या चिन्हांनी दाखवले होते. भाचीचा त्या काळाशी काडीचाही संबंध नाही, तरी तो गेम तिला धरून ठेवतो. तेव्हा जे काही आहे ते गेमच्या आतच असणार. ते शोधायचं तर तीच बंधनं स्वतःवर घालून एक गेम पूर्ण करून बघावा, असं माझं मत झालंय.

अंदाज आधीच लिहून ठेवते, म्हणजे पुढे ताडून बघता येईल: जागा नव्हती, त्यामुळे स्क्रीनवरची प्रत्येक गोष्ट कुणीतरी विचार करून ठेवलेली होती, आणि खेळणाऱ्याला ते जाणवतं.

११ जानेवारी

हत्यारं लावून झाली. कोडचं यंत्राच्या भाषेत रूपांतर करणारा असेंब्लर सीए६५, आणि संगणकावर जुन्या यंत्राची नक्कल करणारा एम्युलेटर मेसेन. यंत्राची मापं कागदावर लिहून समोर चिकटवली आहेत. ६५०२ जातीचा प्रोसेसर, वेग १.७९ मेगाहर्ट्झ. गेम चालू असताना वापरायची मेमरी २ केबी. स्क्रीन २५६ गुणिले २४० पिक्सेल. एका वेळी २५ रंग. हलणारे तुकडे, म्हणजे स्प्राइट, ६४, आणि त्यातले एका आडव्या ओळीत फक्त ८.

भाची खेळते त्यातले काही गेम शंभर जीबीच्या घरात जातात. हिशेब करून पाहिला: एका जीबीत ४० केबीचे २६ हजारांहून जास्त गेम मावतील.

२५ जानेवारी

उडी. दुसरं काहीच केलं नाही आणि करायचंही नव्हतं. या प्रकारच्या गेममध्ये खेळणारा सगळ्यात जास्त वेळा जे करतो ते नीट जमेपर्यंत बाकीचं लिहिण्यात अर्थ नाही.

पात्राची उंची दोन बाइटमध्ये ठेवली आहे. वरचा बाइट म्हणजे पिक्सेल, खालचा म्हणजे पिक्सेलचा २५६वा भाग. दर फ्रेमला, म्हणजे सेकंदाला ६० वेळा, गुरुत्वाकर्षण वेगात मिळवायचं आणि वेग उंचीत मिळवायचा. एवढ्यावर पात्र उडतं, पण फेकलेल्या दगडासारखं: एकदा सुटलं की आपल्या हाती काही नाही.

‘मारिओ’त याची तोड आहे ती अशी. वर जाताना ‘ए’ बटण दाबून धरलेलं असेल तर गुरुत्वाकर्षण कमी. बोट उचललं की त्याच फ्रेमपासून जास्त. मोजक्या सूचनांचा कोड आहे. बटणाची स्थिती तपासायची आणि दोन आकड्यांपैकी एक उचलायचा. तो घातला आणि उडी एकदम हातात आली. हवेत असतानाही आपण निर्णय घेत असतो: अजून थोडं वर, आता पुरे, आता खाली. भौतिकशास्त्राच्या दृष्टीनं हे साफ चुकीचं आहे, पण अंगठ्याला ते खरं वाटतं.

दुसरी गोष्ट वेळेची. हे यंत्र दर फ्रेमला कंट्रोलर वाचतं आणि चित्र ओळीओळीनं थेट पडद्यावर सोडतं. मध्ये चित्र साठवून ठेवायला जागाच नाही. आजचे टीव्ही आलेल्या चित्रावर प्रक्रिया करतात आणि तेवढा उशीर लागतो, म्हणून तर त्यांच्यात वेगळा गेम मोड द्यावा लागतो. शिवाय बऱ्याच नव्या गेममध्ये पात्राला वजन असतं. ‘रेड डेड रिडेम्प्शन २’ (२०१८) मध्ये माणूस आधी पाय टेकवतो, अंग वळवतो आणि मग निघतो. त्या संथ कथेला ते शोभतं. पण बटण दाबलं आणि झालं, यातला आनंद वेगळा आहे आणि मला इथे तोच हवाय.

२ फेब्रुवारी

पहिला स्क्रीन मांडला. समोर ‘मारिओ’ची पहिली लेव्हल ठेवली होती, कारण शिकवण्याचा इतका चांगला नमुना मला दुसरा माहीत नाही. पात्र डावीकडे उभं, उजवीकडे मोकळी जागा, म्हणून आपण उजवीकडे निघतो. पहिला शत्रू समोरून चालत येतो. उडी मारली नाही तर आपण मरतो, पण अगदी सुरुवातीलाच मरतो, म्हणून काही गमावत नाही. पुढे ठोकळ्याला डोकं लागलं की मशरूम बाहेर पडतो, उजवीकडे घरंगळतो, नळाला आपटून परत आपल्याच दिशेनं येतो. वर विटा असल्यामुळे त्याला चुकवणं कठीण. तो अंगाला लागतो आणि आपण मोठे होतो. मशरूम चांगला असतो हे कुणी सांगितलं नाही, तरी कळलं.

भाचीनं कंट्रोलर घेतला.

“मावशी, ट्युटोरियल कुठाय?”

“नाहीये. दाबून बघ.”

“आणि सेटिंग?”

“तेही नाही.”

तिनं सगळी बटणं दाबून बघितली, खड्ड्यात पडली, परत आली, दुसऱ्यांदा बटण जास्त वेळ धरून पलीकडे गेली. एकदाही माझ्याकडे बघितलं नाही. खड्ड्याची रुंदी मी मुद्दाम अशी ठेवली होती की छोट्या उडीनं तो पार होऊ नये. ती चाचणी पार पडली.

१५ फेब्रुवारी

चित्रं. इथे माझा अंदाज सगळ्यात जास्त पटायला लागला.

पार्श्वभूमी ८ गुणिले ८ पिक्सेलच्या टाइल्सची असते, पण रंग मात्र १६ गुणिले १६च्या चौकोनाला एकच संच मिळतो: तीन रंग आणि सगळ्यांना सामाईक असा एक मागचा रंग. असे संच चारच. म्हणजे झाड आणि भिंत एकाच चौकोनात आली तर त्यांना तेच तीन रंग वाटून घ्यावे लागतात. मी आधी कागदावर काढलेली लेव्हल या नियमात बसवताना प्रत्येक झाडाला विचारावं लागलं की तू इथे का आहेस. जी झाडं नुसती शोभेला होती ती गेली. जी राहिली ती सगळी काहीतरी सांगतात: इथे चढता येतं, इथे थांबलं तर आडोसा आहे.

‘मारिओ’तले ढग आणि झुडपं एकाच टाइल्सची आहेत, फक्त रंगसंच वेगळा. हे बऱ्याच जणांना ठाऊक असतं. स्वतः जागा वाचवायला बसल्यावर त्यातली हुशारी कळते. मारिओचं रूपही असंच घडलं. १९८१च्या ‘डाँकी काँग’मध्ये शिगेरू मियामोतो यांना एवढ्याशा चौकटीत केस आणि तोंड दाखवणं अवघड होतं, म्हणून टोपी आणि मिशी आली. आज ती टोपी आणि मिशी जगभर ओळखली जाते.

माझं पात्र १६ गुणिले १६चं, तीन रंगांचं. चेहऱ्यासाठी उरतात मोजके पिक्सेल. डोळा म्हणजे एकाखाली एक दोन काळे पिक्सेल. ते एक पिक्सेल पुढे सरकवले की पात्र उत्सुक दिसतं, मागे नेले की धास्तावलेलं. कितीतरी वेळ त्या दोन ठिपक्यांशी घालवला आणि तो मला अजिबात वाया गेला असं वाटत नाही.

१८ फेब्रुवारी

एका ओळीत आठापेक्षा जास्त स्प्राइट आले की नववा दिसतच नाही. माझी पात्रं दोन स्प्राइट रुंद, म्हणजे चार जण एका रेषेत आले की ओळ भरली. जुना उपाय वापरला: दर फ्रेमला स्प्राइटचा क्रम फिरवायचा, म्हणजे कुणी एक कायमचा गायब होण्याऐवजी सगळे थोडे थोडे लुकलुकतात. तरीही लेव्हलच अशी मांडली आहे की गर्दी क्वचित होईल.

८ मार्च

शत्रू. यासाठी दोन जुन्या गेमचं वागणं पुन्हा बारकाईनं अभ्यासलं.

तोमोहिरो निशिकादो यांचा ‘स्पेस इन्व्हेडर्स’ (१९७८). पडद्यावर ५५ परग्रहवासी, आणि यंत्र दर फ्रेमला त्यातला एकच हलवतं. सगळे जिवंत असताना पूर्ण फौज एक पाऊल सरकायला ५५ फ्रेम लागतात. जसजसे कमी होतात तसतसा उरलेल्यांचा नंबर लवकर येतो आणि ते वेगानं धावू लागतात. शेवटचा तर सुसाट सुटतो. वेग वाढवा असं कोडमध्ये वेगळं सांगावंच लागलं नाही. यंत्राच्या संथपणातून हे आलं आणि निशिकादोंनी ते तसंच राहू दिलं. खेळ जसा संपत येतो तशी छाती धडधडायला लागते, तिचं मूळ इथे आहे.

दुसरा तोरू इवातानी यांचा ‘पॅक-मॅन’ (१९८०). चार भुतं, चौघांचा एकेक नियम. लाल थेट पॅक-मॅनच्या मागे. गुलाबी त्याच्या तोंडासमोरच्या चार टाइल पुढची जागा गाठायला बघतं. निळं लाल भुताची जागा आणि पॅक-मॅनच्या दोन टाइल पुढची जागा यांवरून आपला नेम ठरवतं. नारिंगी पाठलाग करतं, पण आठ टाइलच्या आत आलं की आपल्या कोपऱ्याकडे वळतं. बस. खेळणारा मात्र म्हणतो, लाल चिवट आहे, गुलाबी दबा धरून बसतं, नारिंगीचं काही सांगता येत नाही. साध्या अंकगणितातून स्वभाव उभे राहिले, आणि खेळता खेळता ते ओळखता येतात. ओळखले की फसवताही येतात.

मी तीनच शत्रू ठेवले. पहिला चालतो आणि कडेला आला की उलट फिरतो. दुसरा वर लटकतो आणि आपण खाली आलो की पडतो. तिसऱ्याला नारिंगी भुताचा नियम दिला: दूर असताना आपल्याकडे येतो, जवळ आला की पाठ फिरवून पळतो. भाचीनं काही न सांगता त्याचं नाव भित्रा ठेवलं आणि थोड्या वेळानं त्याला हाकत हाकत खड्ड्यापाशी नेऊन पाडलं. हे मला सुचलेलंही नव्हतं. नियम लहान आणि उघड असला की खेळणारा त्याच्याशी खेळू लागतो.

नव्या गेममधले शत्रू याहून कितीतरी हुशार असतात. आडोसा घेतात, एकमेकांना हाका मारतात, मागून वळसा घालतात. पण पुष्कळदा ते असं का वागले हे मला खेळताना कळत नाही, आणि कळलं नाही की मी त्यांच्यावर डाव टाकू शकत नाही. फक्त बंदूक चालवू शकते.

१६ मार्च

संगीत. यंत्राला आवाजाच्या पाच वाहिन्या: दोन पल्स, म्हणजे चौकोनी लहरीच्या, एक त्रिकोणी लहर, एक खरखर आणि एक ध्वनिनमुन्यांची. शेवटची सोडून दिली, नमुने फार जागा खातात. त्रिकोणी लहरीला आवाज कमी-जास्त करायची सोय नाही, चालू किंवा बंद. म्हणून तिच्यावर खर्जातले सूर ठेवले. उडीचा आवाज वाजताना एक पल्स वाहिनी धुनेकडून काढून घेतो, तेव्हा मुख्य चाल दुसऱ्या वाहिनीवर ठेवली आणि हिच्यावर साथीचे सूर. साथ क्षणभर तुटते पण चाल मोडत नाही.

एका वाहिनीवर तीन-तीन सूर एकत्र वाजवता येत नाहीत, म्हणून ते एकापाठोपाठ इतक्या झपाट्यानं वाजवायचे की कानाला एकत्र भासावेत. त्या काळच्या संगीताची ती थरथरती झाक यातूनच येते. आणि चाल थोड्या वेळात पुन्हा पहिल्यापासून सुरू होणार असल्यानं ती गुणगुणता येईल अशीच लागते. आजच्या गेममध्ये पूर्ण वाद्यवृंद असतो, प्रसंगाप्रमाणे बदलतोही. त्यातलं बरंच मला मनापासून आवडतं, पण काम करताना ओठांवर येतं ते कोजी कोंदो यांचं ‘मारिओ’चं संगीत.

२९ मार्च

एक जुना काचेच्या नळीचा टीव्ही मिळाला. त्यावर गेम लावून बघितला आणि माझ्याच पात्राचा चेहरा वेगळा दिसला. एलसीडीवर जो डोळा दोन टोकदार चौकोन होता, तो इथे कडेनं विरघळून गोलसर झाला होता. गालावरच्या रंगाला एक सावली आली होती जी मी काढलेलीच नाही.

त्या काळचे बरेच चित्रकार हे धरूनच काढत. मेगा ड्राइव्ह या यंत्रावरच्या ‘सॉनिक द हेजहॉग’ (१९९१) मधला धबधबा एकाआड एक उभ्या रेषांचा आहे. टीव्हीला जोडायच्या जुन्या काँपोझिट केबलमधून जाताना त्या रेषा एकमेकींत मिसळतात आणि पाणी पारदर्शक दिसतं. आजच्या स्वच्छ पडद्यावर त्याच्या नुसत्या पट्ट्या दिसतात. म्हणजे आज जुने गेम म्हणून जे टोकदार पिक्सेल आपण बघतो, ते त्या काळी घरच्या टीव्हीवर फारसे कुणी तसे पाहिलेलेच नव्हते. पुष्कळ नवे गेम त्या टोकदारपणालाच जुनेपणा समजून वरवर चिकटवतात. त्यानं गोडी येत नाही.

१२ एप्रिल

जुन्या गेमचं काय घ्यायचं नाही, ही नोंद.

आर्केड यंत्रांना नाणी हवी असत, म्हणून खेळणारा लवकर मरेल अशी रचना असे. तीच सवय घरच्या यंत्रांवर आली. थोडक्या लेव्हल्स पुरवायच्या तर त्या कठीण करा. ‘घोस्ट्स अँड गॉब्लिन्स’ (१९८५) एकदा पूर्ण केला की सांगतो, हे सगळं पुन्हा पहिल्यापासून करा, मगच खरा शेवट. याचं कौतुक मला करता येत नाही. खेळणाऱ्याचा वेळ हीसुद्धा जपून वापरायची गोष्ट आहे.

म्हणून जीव मोजणं काढून टाकलं. पडलं की त्याच स्क्रीनच्या सुरुवातीला, लगेच. ‘सेलेस्ट’मधली (२०१८) एक सोयही घेतली: कड्यावरून पाय सुटल्यावरही काही फ्रेम उडी मारता येते. डोळ्याला ते कळत नाही, पण “मी तर बटण दाबलं होतं!” ही तक्रार बंद होते. त्यासाठी एक बाइट मेमरी आणि एक छोटा मोजणारा कोड लागला. म्हणजे १९८५ मध्येही हे सहज बसलं असतं. गेम कसा वागावा याची समज तेव्हापासून वाढली आहे, आणि ती नव्या गेमकडूनच शिकायची.

‘सेलेस्ट’चं पहिलं रूप पिको-८ या काल्पनिक, म्हणजे फक्त प्रोग्रॅमच्या रूपात असलेल्या यंत्रासाठी काही दिवसांत बनवलं होतं: पडदा १२८ गुणिले १२८, रंग १६. उडी तिथेच पक्की झाली होती.

२६ एप्रिल

आज भाचीनं मला शिकवलं. ‘झेल्डा’ मालिकेतला ‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’ (२०१७) लावून दिला आणि म्हणाली, “मावशी, ते गवत पेटव आणि वर बघ.” पेटवलं. गरम हवा वर निघाली, पॅराग्लायडर उघडला, मी वर उचलली गेले. कुणी सांगितलेलं नाही, खुणेचा बाण नाही. आग, वारा, लाकूड, धातू यांचे मोजके नियम, आणि ते सगळीकडे सारखे लागू.

तो बनवणाऱ्या निंटेंडोनं २०१७च्या गेम डेव्हलपर्स कॉन्फरन्समध्ये दाखवलं होतं की हे नियम आधी त्यांनी १९८६च्या पहिल्या ‘झेल्डा’सारख्या सपाट, द्विमितीय नमुन्यात तपासले. एवढं अफाट जग उभं करण्याआधी त्यांनी छोट्या चौकटीत पाहिलं की झाड जळलं तर मजा येते का.

माझा जानेवारीतला अंदाज त्यामुळे थोडा बदलून लिहिते. ही गोडी वर्षाला बांधलेली नाही. जुन्या यंत्रावर निवड करणं सक्तीचं होतं, आता ते स्वेच्छेनं करावं लागतं. ज्यांना ते जमतं त्यांच्या कितीतरी पटीनं मोठ्या गेममध्येही ती सापडते. ‘शोव्हेल नाइट’ (२०१४) हेच करतो. एनईएसचे बरेच नियम स्वतःहून पाळतो, पण पडदा रुंद ठेवतो आणि स्प्राइटचं लुकलुकणं टाकून देतो. ज्या मोठ्या गेममध्ये नकाशा खुणांनी भरलेला असतो आणि मी एकेक खूण पुसत फिरते, तिथे मात्र कुणी काही निवडलंय असं वाटत नाही. सगळं ठेवलेलं असतं.

१० मे

रॉम, म्हणजे गेमची फाइल, जपण्याबद्दल विचार करत होते. व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशननं २०२३ मध्ये पाहणी प्रसिद्ध केली. २०१०पूर्वी अमेरिकेत आलेल्या गेमपैकी ८७ टक्के तेव्हा बाजारात मिळतच नव्हते. म्हणजे जुनं असलं की टिकतं, असंही नाही. ‘झेल्डा’च्या कार्ट्रिजमधली, म्हणजे यंत्रात खोचायच्या डबीतली, खेळ साठवणारी बॅटरी कधीतरी संपतेच.

तरी फरक आहे. कार्ट्रिजमधला गेम त्या डबीत पूर्ण असतो. ‘द क्रू’ हा २०१४चा मोटारींचा गेम ३१ मार्च २०२४ रोजी सर्व्हरबरोबर बंद झाला. एकट्यानं खेळायचा भागही सर्व्हरवरच चालत असल्यामुळे विकत घेतलेल्यांना तोही खेळता येईना. हे मला फार लागतं. एखादा गेम आवडला असेल तर दहा-वीस वर्षांनी तो दुसऱ्याच्या हातात देता आला पाहिजे.

माझा गेम कुठल्याही सर्व्हरला काही विचारणार नाही.

२४ मे

जागा भरत आली. बर्फाची लेव्हल काढली. दिसायला सगळ्यात देखणी होती, पण तिच्यात खेळायला नवं काहीच नव्हतं. त्या जागेत भित्र्यासाठी दोन स्क्रीन वाढवले, भाचीनं शोधलेली ती हाकण्याची युक्ती जिथे लागेलच असे. शेवटच्या स्क्रीनवर दोन भित्रे आहेत. एकाला हाकताना दुसरा मागून येतो. भाचीला अजून जमलेलं नाही. तिनं दोघांच्या वाटा वहीत बाणांनी काढून ठेवल्या आहेत आणि “सांगू नको हं!” म्हणून बजावलंय.

७ जून

खऱ्या यंत्रावर चालवला. मेसेनवर जसा चालत होता तसाच चालला. फक्त दोन शत्रू एकाच फ्रेमला मरताना चित्राची वरची ओळ थरथरते, कारण पडदा रंगवायला सुरुवात होण्याआधीच्या फटीत माझं काम संपत नाही. ती फट साधारण २,२७० प्रोसेसर-चक्रांची असते. एकाची टाइल या फ्रेमला आणि दुसऱ्याची पुढच्या फ्रेमला बदलली की भागेल. ते झालं की रॉम आणि पूर्ण कोड, टिपणांसकट, खुला करणार आहे. आतले आकडे कुणालाही बदलून बघता यावेत, म्हणून गुरुत्वाकर्षणाचे दोन्ही आकडे फाइलच्या अगदी वर ठेवले आहेत.